चाळीस पोती ऊब

"दोन तासांचं काम! त्यात काय डोंबल आहे!" डेल कांगास म्हणाला, आणि तिथेच घात झाला.

डेलने ज्या कामाला दोन तास म्हटलं, ते त्या वर्षात संपल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पण या खेपेला गळ्याशी आलं होतं. घर शंभर वर्षांचं, तांब्याच्या खाणवाल्यांनी कामगारांसाठी घाईघाईत ठोकलेलं. वर पोटमाळा उघडाबोडका, आणि त्याखालच्या खोलीत डेलचे वडील, म्हातारे रायनो, कोट घालून झोपायचे. वर्षात दोनदा न्यूमोनिया! नर्स कोलीन बजावून गेली होती, "मंगळवारी दुपारी दोनला येते. खोली अशीच गार असली, तर वृद्धाश्रमाचे कागद घेऊनच येईन."

आणि डेलने तर मरत्या आईचा हात धरून शब्द दिला होता, बाबांना या घरातून हलवणार नाही म्हणून.

कारागीर बोलवावेत, तर नोव्हेंबरचा मध्य. हरणांची शिकार सुरू झालेली. सुतारापासून पाद्र्यापर्यंत झाडून सगळे बंदुका घेऊन जंगलात! मग डेलनेच दुकानातून चाळीस पोती कागदी भुसा आणि तो फुंकायचा ब्लोअर आणला. रद्दी दळून केलेला हा करडा भुसा पोटमाळ्यावर हातभर पसरला, की घराला गोधडी घातल्यासारखं होतं.

मंगळवारी सकाळचा बेत सोपा होता. अंगणात ब्लोअर, त्यात पोती रिकामी करायला बायको मार्लीन, आणि वर पाइप धरून डेल. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येणार नाही, म्हणून खिडकीतून बॅटरी दाखवली की बंद करायचं.

"बाबा, तुम्ही खोलीतच पडा. काही लागलं तर हाक मारा हं!"

"हं," म्हातारे म्हणाले.

आता कांगासांच्या घरात हाक मारायची पद्धतच नाही! खाणीत बोट चिरडलं होतं, तेव्हा रायनोंनी ते रात्री जेवताना सांगितलं. तेही बायकोने "डाव्या हाताने का जेवताय?" असं विचारल्यावर.

पंधरा पोत्यांत पोटमाळा छान भरला. फक्त धुराड्याजवळचा कोपरा काही केल्या भरेना. ओतावं तेवढं गडप!

मार्लीन धापा टाकत जिन्यात आली. "अरे डेल, तिसावं पोतं गेलं! एवढं जातंय कुठे?"

"जुनं घर आहे, भूक असणारच! तू टाक गं!"

"माझे हात गळून पडले!"

"बाबांसाठी टाक!"

बिचारी परत गेली आणि टाकत राहिली. अडतिसाव्या पोत्याला डेल त्या कोपऱ्याशी रांगत गेला आणि बॅटरी मारली. भुसा गोल फिरत खाली चालला होता. तिथे पूर्वीच्या शेगडीच्या नळकांड्याचं भोक होतं. त्याचं पत्र्याचं झाकण भाराने केव्हाच खाली पडलं होतं. आणि भोकाखाली बाबांची खाट!

"बाबा!"

खिडकीतून बॅटरी दाखवून तो खाली धावला. दार आत उघडणारं, ते तसूभरही हलेना. मार्लीन धावत आली. तेवढ्यात दोन वाजले आणि कोलीनही हजर! तिघांनी खांदे लावून दार ढकललं. आत कमरेइतका भुसा. खाट नाही, खुर्ची नाही, बाबा नाहीत.

"मी मारलं त्यांना!" डेल दोन्ही हातांनी उकरत रडायला लागला. "ऊब देता देता मारलं गं मी!"

एक चप्पल लागली. ती रिकामीच होती. मार्लीन तोंडावर हात धरून उभी राहिली. मग कोलीनच्या हाताला गुडघा लागला.

म्हातारे भिंतीला टेकून, डोक्यावरून दुलई घेऊन बसले होते. दुलई काढल्यावर खोकले, शिंकले, पुन्हा खोकले. जिवंत होते!

"बाबा! अहो, ओरडला का नाहीत?"

"तुम्ही कामात होतात."

कोलीनने छाती तपासली, पाय चाचपले आणि चकित झाली. "हात-पाय चक्क गरम आहेत! छातीही साफ. खोलीसुद्धा उबदार झालीये म्हणायची." ती कागद परत पिशवीत घालायला लागली.

डेलला आनंदाने हुंदका फुटला. "ऐकलंत बाबा? आता कुठे जायला नको!"

"ते कागद आण इकडे," म्हातारे कोलीनला म्हणाले. "सही करतो."

"अहो, पण का? एवढं सगळं तुमच्यासाठीच केलं!"

"मला सप्टेंबरातच जायचं होतं रे. तिथे खाणीतले तिघं आहेत, पत्त्यांना चौथा मिळेना. सांगणार होतो. पण तू पोटमाळा भरायची चौकशी करत फिरत होतास, आईचं नाव काढून. म्हटलं, पोराची हौस कशाला मोडा!"

मार्लीन भुशात मटकन बसली. हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक.

"हं," डेल म्हणाला. तोही कांगासच! पेन शोधायला त्याने खिशात हात घातला, तर मूठभर भुसा निघाला. शेवटी पेन कोलीननेच दिलं.