पृथ्वीच्या तोंडात बोळा

सुट्टीत एकाही नळाला हात लावणार नाही, अशी शपथ मी बायकोसमोर घेतली होती, आणि मंडळी, ती मी तंतोतंत पाळली! पुढचं सगळं ऐकताना एवढं मात्र लक्षात ठेवा.

मी प्लंबर आहे. साधासुधा नाही! शेजारच्या इमारतीत नळ ठिबकला तरी माझी झोप मोडते. बायकोचं म्हणणं असं, की लग्नानंतर आम्ही जिथे जिथे फिरायला गेलो, तिथे तिला माझे फक्त पाय दिसले, कुणाच्या तरी सिंकखालून बाहेर आलेले.

"या वेळी पान्याला हात लागला, तर पुढच्या सुट्टीला मी आणि आई दोघीच जाणार," तिने बजावलं. "तुम्ही घरी बसा टाक्या धूत!" आणि माझ्या बॅगेतून पाना, पकड, सुतळीचं बंडल, सगळं काढून घेतलं.

समुद्रकाठच्या लॉजवर पोचलो आणि मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली दगडी कुंड, त्यात जमिनीतून येणारं गरम पाणी, वर वाफ, आणि कुंडाच्या भिंतीपलीकडे थेट समुद्र! मोटर नाही, टाकी नाही, विजेचं बटण नाही, आणि चोवीस तास गरम पाणी! मी आयुष्यभर गीझर बसवले. त्या कुंडाकडे बघताना मला बालवाडीत बसल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं हो, खरंच.

सासूबाईंच्या डोळ्यांतही आलं, पण वेगळ्या कारणाने. त्या दुखरे गुडघे शेकायला आमच्याबरोबर आल्या होत्या, आणि कुंडाकडे जायला उभ्या पायऱ्या!

"एवढ्या लांब आणून मला खुर्ची दाखवलीत, जावईबापू," व्हरांड्यात बसत त्या म्हणाल्या. "खुर्ची घरीही होती."

मी बूट काढून, नुसत्या मोज्यांवरच लॉजच्या मागे फेरफटका मारायला निघालो. आणि तिथेच घात झाला! खडकाला एक भेग, भेगेतून करंगळीएवढी धार, आणि धार वाहत जाऊन दगडांखाली गडप. म्हणजे चक्क गळती! एवढं अमृतासारखं पाणी, आणि वाया! मी तोंड फिरवलं. दोन पावलं गेलो. परत आलो.

आता तुम्हीच सांगा, भेग म्हणजे काय नळ आहे?

मी उजव्या पायातला मोजा काढला, त्याचा घट्ट बोळा केला आणि वाळक्या फांदीच्या तुकड्याची पाचर मारून भेगेत ठोकला. आतून पाण्याने असा काही रेटा दिला, की अंगावर काटा आला. जमिनीखाली कुणीतरी जागं होतं आणि मला ढकलत होतं! पण मीही काही कमी नाही. धार थांबली. मी समाधानाने परतलो.

व्हरांड्यातून सासूबाईंची आरोळी आली. "अगं बाई! हे बघा काय!"

फरश्यांच्या फटीतून पाणी वर येत होतं. गरम! बरोबर त्यांच्या खुर्चीखाली. त्यांचे पाय घोट्यापर्यंत बुडाले होते आणि चेहऱ्यावर असं हसू होतं, जे मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"मी खाली जाऊ शकले नाही, तर तेच वर आलं गं माझ्यासाठी!" त्या बायकोला म्हणाल्या. बायको तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मीही बघत राहिलो, पण माझी नजर सारखी मागच्या खडकाकडे जात होती.

तेवढ्यात खालून लॉजचे मालक धापा टाकत आले. "कुंडाचं पाणी उतरतंय! गार पडलंय! माणसं कुडकुडत बाहेर आलीत! इथे कुणी प्लंबर आहे का हो?"

"नाही!" बायको ठणकावून म्हणाली. "आमच्यात कुणीही प्लंबर नाही!" मग तिची नजर खाली गेली. "अहो, तुमचा उजवा मोजा कुठे?"

मालक मटकन पायरीवर बसले. "आजोबांच्या आजोबांनी बांधलेलं कुंड. पाणी कधी थांबलं नाही. माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार." आणि ते चक्क रडायला लागले.

एका बाजूला पुढची सुट्टी, सासूबाईंचे गुडघे, माझी शपथ. दुसऱ्या बाजूला हा रडणारा माणूस. मी "आलोच" म्हणून मागे धावलो. सगळे माझ्यामागे! मी फांदी उपटली मात्र, फाट्कन आवाज झाला, वाफेचा लोट उठला, आणि मोजा हवेत उंच उडून मालकांच्या डोक्यावर येऊन बसला. मग ती धार! मनगटाएवढी, फुसफुसत, दगडांखालून थेट कुंडाकडे धावत सुटलेली! मालक तर डोक्यावर मोजा तसाच ठेवून हात जोडून उभे होते.

बायकोने तो उचलला, ओळखला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नळाला हात लावला नाहीत, हे खरं," ती म्हणाली. "थेट पृथ्वीलाच लावलात!"

व्हरांड्यातून आवाज आला. "जावईबापू, इकडचं पाणी गेलं हो!" तो आवाज इतका केविलवाणा होता, की बायकोने मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तिने मोजा माझ्या हातात ठेवला.

"अर्धाच कोंबा," ती म्हणाली.

अर्धा बोळा, मंडळी! अर्धं पाणी कुंडात, अर्धं सासूबाईंच्या पायाशी. पण पाण्याचा जोर सारखा बदलतो, मोजा सरकतो, आणि तो सरकला की एकीकडून मालक ओरडतात आणि दुसरीकडून सासूबाई. त्यामुळे उरलेली सुट्टी मी त्या भेगेपाशी उकिडवा बसून काढली. सासूबाई आता जिना चढतात आणि माझ्या ताटात स्वतःहून वाढतात.

समुद्र फार सुंदर होता म्हणे. बायकोने फोटो दाखवले.