गुप्तेकाकांची चिंधी

गुप्तेकाकांकडे पाहुणा आला की पाण्याच्या आधी मिठाईचा खोका पुढे येतो. नवखा माणूस खुशीत झाकण उघडतो आणि दचकतो. आत पेढे नसतात. तेल पिऊन काळी, कडक झालेली जुन्या बनियनची चिंधी असते.

"ही इंजिनाच्या पोटातून निघाली," काका सांगायला लागतात. "सर्व्हिसिंग करताना मेकॅनिक आत विसरला. तेलाची वाट अडली, इंजिन जाम झालं. गाडी चालवणाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता."

शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणतात. पोस्टमनपासून पाण्याचा जार देणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते पाठ आहे. आम्ही मनात म्हणायचो, बुवा, कळलं, तुमची चूक नव्हती, आता सोडा की!

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. हौस म्हणून नाही. मीटिंगला उशिरा पोचले, तोवर सगळ्यांनी माझं नाव सुचवून टाकलं होतं. त्यामुळे पार्किंगची भांडणं माझ्या डोक्याला. त्यातलं सगळ्यात जुनं भांडण म्हणजे काकांची गाडी. पूर्वी टॅक्सी म्हणून धावायच्या त्या जातीची, दुधी रंगाची. टोचन लावून आमच्या सोसायटीत आली आणि बसली ती बसली. नुसता सांगाडा पार्किंगमध्ये. इंजिन काकांच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, टीपॉयच्या जागी. चहाचा कप त्यावरच ठेवायचा.

काकांनी जन्मभर सरकारी कचेरीत जमिनींचे नकाशे काढले. पाना धरायला शिकले ते रिटायर झाल्यावर, मोबाइलवर व्हिडिओ बघून. तेव्हापासून जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर त्यांचा एकच प्रश्न. माझी मुलगी गणितात नापास झाली, तर म्हणाले, "तिला ओरडू नकोस. तेल पोचतंय का बघ." शिकवणीच्या बाई बदलल्या आणि पोरगी पास झाली, आता बोला.

शैलाकाकू मात्र त्या गाडीकडे ढुंकूनही बघत नसत. भाजीला जाताना पार्किंग टाळून मागच्या गेटने जायच्या. मला वाटायचं, नवऱ्याच्या खुळाची लाज वाटते बिचारीला.

अखेर यंदाच्या मीटिंगमध्ये ठरलंच. दसऱ्याला गाडी स्वतःच्या इंजिनावर हलली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलवायचं. हे काकांना सांगायचं कुणी? अर्थात मी.

काका म्हणाले, "फक्त क्रँकशाफ्ट राहिलाय गं."

पिस्टन तळोज्याच्या भंगारातून आले होते, बाकीचं कुठून कुठून. इंजिनाला फिरवणारा तो मुख्य दांडा मात्र मिळेना. शेवटी पत्ता लागला गव्हाणला. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात अशीच एक गाडी सडत पडली होती. मला स्कूटरवरून काकांना घेऊन जावं लागलं. म्हाताऱ्याने बॉनेट उचललं. आत, नेमकी इंजिनावर, कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"इंजिन न्या, मना नाय पायजे," म्हातारा म्हणाला. "पन कोंबरी बसलीय. तिला उठवाची नाय. पिल्ला निंगू दे."

"काका, दसरा तोंडावर आलाय," मी कुजबुजले. म्हटलं, टोपलीत हलवू तिला, काय बिघडतंय?

काकांनी हळूच बॉनेट खाली ठेवलं. "बसू दे तिला. लोकांनी घाई केली की चांगली बसलेली बाई उठते आणि पुन्हा बसत नाही."

तेव्हा मी हसले होते. पुढे काका रिक्षा करून कण्या घेऊन गव्हाणला जात राहिले. गाडीसाठी की कोंबडीसाठी, देव जाणे. पिल्लं निघाली, क्रँकशाफ्ट आला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओळखीच्या दोन मेकॅनिकनी साखळीने उचलून इंजिन गाडीत बसवलं.

दसऱ्याला सकाळी पार्किंगमध्ये ही गर्दी. गाडीला झेंडूचा हार, चारी चाकांखाली चार लिंबं. काकांनी डाव्या दारातून वाकून किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं. पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा भकभक धूर काढून असं काही सुरू झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भंगारवाल्याचा नंबर लावून बसलेले बी विंगचे कुलकर्णीसुद्धा वाजवत होते.

"बसा काका, घ्या एक फेरी," मी म्हटलं.

"मला कुठे चालवता येते?"

मला काही कळेना. "मग इंजिन जाम झालं तेव्हा कोण चालवत होतं?"

"शैला." काका हातातला खोका चाचपत होते. "अख्ख्या पनवेलमध्ये तिच्यासारखा हात नव्हता. एका लग्नाहून येताना भर रस्त्यात गाडी जाम झाली. आई, बहीण, मेहुणे, सगळे म्हणाले, बाईच्या हातात दिली की असंच व्हायचं. मी गप्प बसलो गं. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. इंजिन उघडलं आणि ही चिंधी सापडली, तोवर आई गेली होती. मग जो भेटेल त्याला दाखवत सुटलो."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला हसत होते.

शैलाकाकू दारात उभ्या होत्या. कधी आल्या, कुणाला कळलं नाही. गाडीचा आवाज त्यांनी थोडा वेळ मान कलती करून ऐकला. मग पदर खोचला, सरळ उजव्या दाराने आत जाऊन बसल्या आणि आरसा आपल्या बाजूला वळवला.

"डावीकडे बसा. आणि तोंड उघडायचं नाही."

काकांनी खोका माझ्या हातात कोंबला आणि शाळकरी मुलासारखे आत जाऊन बसले. लिंबं चिरडत गाडी झोकात गेटबाहेर पडली. काका खिडकीतून दिसेल त्याला हात करत होते.

एवढ्यात सी विंगमध्ये नवीन राहायला आलेल्या बाईंनी माझ्या हातातला खोका पाहिला. "पेढे का? कसले?"

मी झाकण उघडलं.

"ही इंजिनाच्या पोटातून निघाली," मी म्हटलं. "गाडी चालवणाऱ्या बाईंचा काडीचाही दोष नव्हता."

आणि मग पुन्हा एकदा म्हटलं.