डोंगरफोड जास्त ओढते की दरीउडव?

एका जंगलात, बाळांनो, मुसंडीराव नावाचे एक रानडुक्कर राहत असत. मान जाड, सुळे पांढरेशुभ्र, आणि स्वभाव असा की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली. त्यांच्या बायकोचं नाव लोळणबाई. एकुलती एक मुलगी सुरणा.

सुरणाचं लग्न ठरलं होतं. मुलगा पलीकडच्या टेकाडावरचा, कंदराज. दिसायला काळाभोर, वागायला गरीब. त्याचे वडील दंताजीराव हेही मोठे मानी डुक्कर. दोन्ही घरांच्या मध्ये एक दलदल होती. काठाला पोटापर्यंत चिखल, मधोमध तर बराच खोल. गार, मऊ, घट्ट. दोन्हीकडची डुकरं त्यातून मजेत ये-जा करायची. वाटेत घटकाभर लोळायची, कान झटकायची, पुढे निघायची.

लग्नाची तयारी चालू असतानाच खिदळेशेठ नावाच्या तरसाने जंगलात गाड्यांचं दुकान काढलं. तरस कसा असतो, ठाऊक आहे ना? त्याला हसू येवो न येवो, तो हसतो. दुकानदाराला आणखी काय हवं!

"मुसंडीराव," खिदळेशेठ म्हणाला, "मुलीचं लग्न, आणि तुम्ही चिखलातून चालत जाणार? हीहीही!"

मुसंडीरावांना एकदम लाज वाटली. आजवर चिखलाची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. ती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

"मग काय करू?"

"ही घ्या. डोंगरफोड! चारही चाकांना जोर. चिखल असो, दगड असो, नदी असो, थांबायचं नाव नाही. आणि मागे हा हुक बघा. याला हत्ती बांधा. ओढून नेते."

"आपल्याला हत्ती कुठे न्यायचाय?" लोळणबाईंनी विचारलं.

"न्यायचा नाही गं," मुसंडीराव म्हणाले. "पण न्यायचा झाला तर?"

याला लोळणबाईंकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का, बाळांनो? माझ्याकडेही नाही.

"बरं, पण रोज वापरायला कशी आहे?" त्या म्हणाल्या. "कंद आणायला जमेल?"

"वहिनी, अख्ख्या जंगलाचे कंद मावतील!"

"आणि आमच्या जाळीत वळेल?"

खिदळेशेठ नुसताच हसला.

डोंगरफोड घरी आली. ती इतकी उंच, की आत चढायला मुसंडीरावांना वारुळावर उभं राहावं लागे. पाणवठा त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. आता ते तिथे गाडीने जाऊ लागले. गाडी वळवण्यातच सगळी सकाळ जायची. तोवर लोळणबाई पायी जाऊन, पाणी पिऊन, लोळून, कंद उकरून परत यायच्या आणि म्हणायच्या, "अजून इथेच?"

"अगं, ही डोंगरासाठी आहे," मुसंडीराव घाम पुसत म्हणायचे. "पाणवठा म्हणजे तिला अगदीच किरकोळ पडतो."

खरी पंचाईत हुकाची झाली. एवढा दणकट हुक, आणि त्याला बांधायला काही नाही! मोकळा हुक बघून मुसंडीरावांचा जीव तीळतीळ तुटायचा. त्यांनी एक पडलेलं झाड ओढत नदीवर नेलं. मग तेच झाड ओढत परत आणलं. मग त्यांना वाटेत एक कासव दिसलं. त्यांनी त्याला वेलीने हुकाशी बांधलं आणि थेट त्याच्या दारात नेऊन सोडलं.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

कासवाला रडूच कोसळलं. "मी इथूनच निघालो होतो हो," ते म्हणालं. "गेल्या पावसाळ्यात."

डोंगरफोडीची कीर्ती पलीकडच्या टेकाडावर पोचली. झालं! दंताजीरावांनी त्याच दुकानातून दरीउडव घेतली. साखरपुड्याला ते तिच्यातूनच आले, दलदलीला लांबलचक वळसा घालून. नव्या गाडीला चिखल लागला असता ना!

साखरपुड्यात नवरा-नवरीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

"आमच्या डोंगरफोडीच्या पोटाखालून ससा उभ्याने जातो," मुसंडीराव म्हणाले.

"आमच्या दरीउडवखालून सशांचं वऱ्हाड जातं," दंताजीराव म्हणाले. "वाजतगाजत."

"आमची मानेएवढ्या पाण्यातून जाते."

"कुणाच्या मानेएवढ्या?"

"माझ्या."

"आमची जिराफाच्या."

"आपल्या जंगलात जिराफ नाहीत, व्याहीबुवा."

"म्हणून तर अजून जाऊन बघितलं नाही. पण जाते."

"आणि ओढते किती?"

दंताजीरावांनी लाडू खाली ठेवला. "तुमची गाडी ओढते," ते म्हणाले.

मुसंडीरावांच्या पाठीवरचे केस ताठ उभे राहिले. लोळणबाईंनी घाईघाईने दोघांच्या तोंडात एकेक रताळं कोंबलं, म्हणून तो दिवस निभावला.

त्या गडबडीत कंदराज हळूच सुरणाजवळ सरकला. "तुला चिखल आवडतो?" त्याने विचारलं.

"फार," सुरणा म्हणाली. "पण बाबा आता पाय धुतल्याशिवाय गाडीत घेत नाहीत."

"आमच्याकडेही तेच," कंदराज म्हणाला. दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला, आणि एकमेकांना मनापासून पसंत केलं.

लग्नाचा दिवस उजाडला. सीमांतपूजनासाठी मुसंडीराव डोंगरफोड घेऊन दलदलीच्या काठावर आले. सोबत लोळणबाई, नटलेली सुरणा, सगळे पाहुणे आणि बगळेभटजी. पलीकडच्या काठावर मुलाकडचं वऱ्हाड जमलं होतं, आणि तिकडून दरीउडव येताना दिसली. मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला कंदराज बसला होता. गाडी वळवण्यात दंताजीरावांनाही उशीर झाला होता, त्यामुळे वळसा घालायला वेळ नव्हता. त्यांनी सरळ दलदलीत गाडी घातली. ती मधोमध आली आणि थांबली. चाकं फिरत होती. गाडी तिथेच होती.

"अडकलात का?" मुसंडीराव ओरडले. त्यांचा आनंद गगनात मावेना.

"अडकलो नाही! गाडी जरा विचार करतेय!"

"हलू नका! मी ओढतो!"

मुसंडीरावांनी डोंगरफोड दलदलीत घातली, मोठ्या मुश्किलीने पाठमोरी केली आणि जाडजूड वेलीने तिचा मागचा हुक आणि दरीउडवचा पुढचा हुक एकमेकांना बांधले.

दंताजीराव खिडकीतून बाहेर डोकावले. रागाने लाल झाले होते. "मुलाच्या बापाला ओढत मांडवात नेणार? काढा ती वेल! मला ओढून नेलंत तर हे लग्न मोडलं!"

"मोडलं तर मोडलं! हुक रिकामा ठेवणार नाही मी!"

"मग मीच तुम्हाला ओढत माझ्या टेकाडावर नेतो!"

आणि दोघांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबले. घर्रर्र! डोंगरफोड इकडे ओढी, दरीउडव तिकडे. चिखलाचे फवारे झाडांच्या शेंड्यांवर गेले. वेल ताणली, पण तुटली नाही. गाड्या पुढेही गेल्या नाहीत, मागेही गेल्या नाहीत. त्या खाली जाऊ लागल्या. आधी चाकं गेली. मग हुक गेले. मग दारं.

"मुहूर्त टळतोय!" बगळेभटजी एका पायावर उभे राहून ओरडले.

"आधी ह्यांना कबूल करू दे, कुणाची जास्त ओढते!" दोन्ही गाड्यांमधून एकदमच आवाज आला.

काठावर सुरणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू बुडत होता, आणि त्याने सीट बेल्टही लावलेला होता.

कंदराजने बेल्ट काढला. दार उघडेना, म्हणून तो खिडकीतून निम्मा बाहेर आला.

"अरे, कुठे निघालास? चिखल लागेल!" दंताजीराव किंचाळले.

कंदराजने बापाकडे वळून पाहिलं. "बाबा," तो म्हणाला, "आपण डुकरं आहोत."

आणि त्याने उडी मारली. धप्प! तो कानापर्यंत आत गेला. वर आला. डोळे मिटले. "अहाहा!" म्हणाला.

ते ऐकून सुरणाला राहवेना. तिने शालूचा काचा मारला आणि तीही उडी मारून मोकळी झाली. धप्प! मग लोळणबाई. मग आत्या, मावश्या, मामा, करवल्या. धप्प, धप्प, धप्प! सगळं वऱ्हाड चिखलात. कुणी पाठीवर, कुणी पोटावर. मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण, ते आता लोळणाऱ्यांनाही ओळखू येईना. दोन करवल्यांनी केळीच्या पानाचा अंतरपाट धरला. बगळेभटजींनी मंगलाष्टकं म्हटली आणि मधल्या मधे दोन बेडूकही उरकले. अक्षतांऐवजी चिखलाच्या गोळ्या उडाल्या. लग्न लागलं!

आता नवरा-नवरीला वडिलांच्या पाया पडायचं होतं. पण वडील गाडीवर होते. दोन्ही गाड्यांचे फक्त टप वर राहिले होते, आणि टपावर दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले होते. जो आधी उतरेल तो हरला.

"मामंजी," सुरणा म्हणाली, "तुमचे पाय कुठे आहेत?"

दंताजीरावांनी खाली पाहिलं. सुनेच्या नाकावर चिखल होता आणि ती हसत होती. तिकडे कंदराज मुसंडीरावांच्या टपाला डोकं टेकून वाट बघत होता. मग दोघेही, कोण आधी हे कुणालाच कळू नये अशा बेताने, एकदम घसरले. धप्प!

"व्याहीबुवा," मुसंडीराव म्हणाले, "गार आहे हो."

"मी तर हे विसरूनच गेलो होतो," दंताजीराव म्हणाले. दोघांनी गळामिठी मारली, आणि रडलेही थोडेसे.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण काठावर खिदळेशेठ उभा होता.

"हीहीही! बुडाल्या वाटतं? काही काळजी करू नका. या दोन्ही एका दमात ओढून काढणारी गाडी आहे माझ्याकडे. पाताळओढ!"

दोन्ही व्याह्यांनी चिखलातूनच कान टवकारले. "किती ओढते म्हणालात?"

पाताळओढ दोघांनी मिळून घेतली. ती इतकी मोठी होती, की झाडांतून येईना. म्हणून झाडं तोडली. ती इतकी जड होती, की मऊ जमिनीवर उभी राहीना. म्हणून तिच्यासाठी मुरूम टाकून पक्का रस्ता केला. तो रस्ता दलदलीपर्यंत आला, मग दलदलीवरून गेला, आणि दलदल बुजली. डोंगरफोड आणि दरीउडव त्याखालीच राहिल्या.

आता त्या जंगलात चिखल नाही, बाळांनो. लोळायचं झालं तर डुकरांना लांबच्या जंगलात जावं लागतं. सुरणा आणि कंदराज दर रविवारी जातात, पिल्लांना घेऊन. आणि एवढ्या लांब जायचं, तेही चिखलात, म्हणजे दणकट गाडी तर हवीच. खिदळेशेठने दुसरं दुकान काढलंय.

तात्पर्य : गाडी घेताना ती किती ओढते हे जरूर पाहावं, आणि घ्यायच्या तर दोन घ्याव्यात, म्हणजे पहिली ओढायला दुसरी होते. पायांचा विचार मनात आणू नये. ते गाडीत बसल्यावर खाली ठेवण्यासाठी दिलेले आहेत.