गेनबाअण्णांची कॉलनी

गेनबाअण्णांची आणि माझी ओळख झाली, ती मी त्यांच्या भिंतीत शिरलो म्हणून. माण गावात शाळामास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि गावाबाहेरच्या उघड्या माळावरून आडवा शाळेकडे निघालो होतो. माळावर एक छपराचं घर सोडलं तर काही म्हणजे काही नव्हतं. तेवढ्यात त्या घरातून आवाज आला, "मास्तर, भिंतीतनं कुटं शिरताय? दार तिकडं हाय."

पायाखाली पाहिलं तर चुन्याची पांढरी रेघ. अशा रेघा सगळ्या माळभर. मी निमूटपणे मागे फिरलो, रेघेत जिथे हातभर फट सोडली होती तिथून आत गेलो आणि त्यांनी दाखवलेल्या दुसऱ्या फटीतून बाहेर पडलो. "आता कसं," अण्णा म्हणाले. शाळेला उशीर व्हायचा तो झालाच.

हा माळ अण्णांच्या मालकीचा. त्यात नाचणीसुद्धा धड येत नसे, कुसळं तेवढी जोमाने येत. त्यावर अण्णांनी कॉलनी काढली होती. कॉलनी हा शब्द त्यांनी पुण्याहून जसाच्या तसा आणला, प्लॉटचा मात्र वाटेत पलाट झाला. दर पावसाळ्यात सगळी कॉलनी वाहून जाई आणि दिवाळी झाली की अण्णा चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन ती पुन्हा उभी करत, म्हणजे आडवी करत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांना अडवणार कोण?

"पुनं हितवर येनार," हे त्यांचं पालुपद. त्या काळी पुण्याहून एसटीसुद्धा आली तर येई, तिथे अख्खं पुणं कुठून येणार? पण अण्णांकडे पुरावे होते. नदीची वाळू गाड्या भरभरून पुण्याला जाते, म्हणजे तिकडे घरं वाढताहेत. पिंपरीकडे कारखाने उठताहेत, तिथली माणसं झोपायला कुठेतरी जाणारच. गावच्या दुकानात पहिल्यांदा पाव आला, त्या दिवशी तर ते पारावर येऊन सांगून गेले, की पुणं निघालंय, वाटेत आहे. लोक पोट धरधरून हसले.

गंमत म्हणजे गिऱ्हाइकं येत. पेन्शनीत निघालेले एक हेडक्लार्क छत्री घेऊन आले. अण्णांनी त्यांना दारातून आत घेतलं, स्वयंपाकघरात उभं केलं आणि खिडकीतून डोंगर दाखवला. हेडक्लार्क वाकून बघत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भाव ठरला. मग अण्णांनी चौकशी सुरू केली. घरात जातं आहे का? पहाटे दळायला कोण बसतं? दळताना गातं का? गृहस्थ म्हणाले, आम्ही पीठ गिरणीतून आणतो. अण्णांनी त्यांना अदबीने दारापर्यंत पोचवलं. "त्या जागंला गानारं मानूस पायजे," एवढंच मला म्हणाले.

दुसऱ्याला म्हैस नाही म्हणून परत धाडलं, तिसऱ्याला तो फार हळू बोलतो म्हणून. विकायला काढलेली जमीन विकली जाऊ नये म्हणून एवढी मेहनत घेणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

मला स्वतःला जागा हवीच होती. आम्ही नवराबायको गोठ्याला लागून असलेल्या एका खोलीत राहत होतो. म्हैस पलीकडून भिंतीला अंग घाशी आणि आमच्या फळीवरचे डबे खाली येत. अण्णांना विचारा तरी, असा हिने धोशा लावला. शेवटी मी अण्णांच्या घराशेजारचा कोपरा मागितला.

"त्यो दिलाय," अण्णा म्हणाले.

पलीकडचा मागितला, तर तोही दिलेला. दिलेल्या जागांवर माणूस काही दिसेना. मी चिडलो, आणि चिडलेला मास्तर करतो तेच केलं, शिकवायला लागलो. गल्ली अशी वाकडी का? सरळ काढली तर चार पलाट जास्त निघतील. आणि मधोमध ती वळसा कशाला घेते? तिथे तर काहीच नाही.

"हितं उंबर हाय," अण्णा म्हणाले, आणि नसलेल्या उंबराला वळसा घालून निघून गेले.

उन्हाळ्यात एका रविवारी ते आमच्या दारात आले. चला, तुम्हाला एक बांधकाम दाखवतो, म्हणाले. एसटीने पौडवरून आम्ही मुळशीच्या धरणावर गेलो. तळ्याचं पाणी पार मागे हटलं होतं आणि भेगाळलेल्या गाळातून घरांची दगडी जोती वर आली होती. अण्णांनी वहाणा हातात घेतल्या. मी त्यांच्यामागे चालू लागलो आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की ही वाट मला ठाऊक आहे. इथे डावीकडे वळायचं. इथे दार. पुढे गल्लीने वळसा घेतला, आणि त्या वळशात उंबराचं काळं खोड उभं होतं.

धरण झालं तेव्हा अण्णा पोरवयाचे होते. भरपाईच्या पैशांत बापाने माणचा माळ घेतला. बाकी गाव वाट फुटेल तिकडे गेलं.

"ही काशीआत्या," एका जोत्यावर हात ठेवून ते म्हणाले. "पाटंला दळाया बसली की आख्खी आळी तिच्या गान्यावर उटायची. आत्या मागंच गेली. तिच्या जागंला गानारं कुनी नगं का? आन् ह्यो कोपरा धोंड्याचा. माजा जोडीदार. म्हमईला हाय. त्याला सांगून ठिवलंय, तुजी जागा राकलीय म्हनून. येतो म्हनलाय."

कधी म्हणाला, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

परतताना माण जवळ आलं तसे अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमाला जागा द्याची न्हाई असं न्हाई. पर आमच्या गावात साळाच नव्हती. तुमाला कुनाच्या जागंवर बशिवू?"

राहू द्या अण्णा, मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेला निघालो, तर अण्णा माळावर घमेलं घेऊन उभे. त्यांच्या घरासमोरचा तुकडा त्यांनी कायम मोकळा सोडलेला असे. "हितं आमचं खळं हुतं," ते म्हणाले. "मळनी आता कुटं करतोय मी." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्या गावात एक नवी रेघ ओढली. तीन भिंती झाल्यावर थांबले.

"दार कुनीकडं ठिवू?"

"तुमच्या दाराकडं," मी म्हणालो.

त्यांनी दाराची जागा जरा रुंदच सोडली आणि मला आत उभं केलं. मग आपल्या घरात गेले आणि उंबऱ्याशी उभे राहिले. आमच्यामध्ये जेमतेम एक गल्ली, तरी त्यांनी साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ओ शेजारी, चा घेताय का?"

तिकडे शाळेची घंटा होऊन गेली होती. मी माझ्या दारातून बाहेर पडलो, गल्ली ओलांडली आणि अण्णांकडे चहाला गेलो.