लक्ष्मीपुढची फ्लॉपी

शांती नगरात उत्तमच्या घरी कंप्युटर एकच होता, पण त्याच्या पोटात आणखी तीन होते. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनची भांड्यांची तीन दुकानं, प्रत्येकात वेगळा विंडोज. बिलाचा प्रोग्राम तिन्हींवर चालला तरच ऑर्डर, आणि त्या ऑर्डरच्या भरवशावर उत्तम नोकरी सोडून बसलेला. साल नव्व्याण्णव. तीन मशीन आणणार कुठून? म्हणून त्याने नवं सॉफ्टवेअर टाकून एकाच डब्यात तीन लटक्या कंप्युटरांचा संसार मांडला होता; खरा बाहेर, लटके आत.

ते बघून त्याच्या आईचा, विमलाबाईंचा, यशोदेसारखा आ वासला. "आतला मेला तरी बाहेरच्याला सुतक नाही?"

उत्तमने आतल्याची डिस्क पुसली आणि राखून ठेवलेल्या नकलेवरून त्याला पुन्हा उठवला. झालं. नवा फ्लॅट बघायला यावं तशी रोज संध्याकाळी बिल्डिंग लोटायची, चहा प्यायची आणि म्हणायची, मारून दाखव.

धनतेरसला टेस्टिंग संपलं. हंसाबेनने प्रोग्रामची फ्लॉपी चोपड्यांबरोबर पूजेत ठेवायला नेली. उत्तम गालात हसला.

पाडव्याला ती ऑर्डर पक्की करायला आली. पाहुणे येणार म्हणून उत्तमच्या बायकोने, मनोरमाने, टेबल पुसताना आतला कंप्युटर रीतसर बंद करून ठेवला होता. आतला चालू असला की तोही पडदाभर पसरायचा, आणि आतबाहेर पडदा तोच, निळा.

"उत्तमभाई, पहिले ते मारून उठवायचं दाखवा ने."

उत्तमने कॉलर सारखी केली आणि डिस्क पुसली.

"आता उठवा."

उठवायला तो बाहेर जायला लागला, तर बाहेर उरली होती ती फक्त गॅलरी आणि वाळत घातलेले टॉवेल. प्रोग्राम, तिन्ही कंप्युटर, त्यांच्या नकला, सगळं त्याच डिस्कवर होतं.

"अहो, काय झालं?" मनोरमाने हळूच विचारलं. "मी तो मघाशी नीट बंद केलेला."

"मी बाहेरचाच मारला."

मग एकदम त्याला आठवलं. "हंसाबेन, ती फ्लॉपी?"

"लक्ष्मीजी पासे. लाभपाचमला दुकान उघडणार, तोपर्यंत हात नाय लावायचा."

तोवर उत्तम सकाळ-संध्याकाळ वर जायचा, चपला बाहेर काढायचा, हात जोडायचा आणि फ्लॉपीजवळचा दिवा बोटभर लांब सरकवून यायचा.

हंसाबेन थक्क. बिल्डिंगभर सांगत सुटली, "एवढा शिकलेला छोकरा, पण भक्ती बघा ने."