उत्तम वासाचा गिअरबॉक्स

अप्पासाहेबांच्या दोन प्रवासी सर्व्हिस मोटारी निपाणी ते संकेश्वर धावत. त्यांपैकी एकीचा गिअरबॉक्स १९४४ च्या मार्गशीर्षात निकामी झाला. लढाईमुळे नवा मिळणे अशक्य. तेव्हा अप्पासाहेबांनी भंगारातून एक जुना पैदा केला आणि त्याच्या रीतसर तपासणीसाठी तीन प्रतिष्ठितांची समिती नेमली. एक ते स्वतः, दुसरे तंबाखूचे व्यापारी मारुतीराव आणि तिसरा मी, निवृत्त हेडमास्तर. आम्हा तिघांपैकी कोणीही गिअरबॉक्स आतून पाहिलेला नव्हता, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तपासणी मारुतीरावांच्या वखारीत झाली. ज्या आण्णाप्पा मिस्त्रीने हा माल आणला होता, त्यानेच दांडा फिरवून दाखवला. आवाज अजिबात नाही. समितीने तशी नोंद केली. मग झाकण उघडले, तर आत दात्यांची चाके दिसेनात. तेलात कालवलेली तपकिरी भुकटी गच्च भरलेली होती.

ड्रायव्हर भरमा बाजूला उभा होता. हाच गिअरबॉक्स घेऊन त्याला उद्या तवंदीचा घाट चढायचा होता आणि काही बिघडले तर लायसन त्याचेच जाणार होते.

“आप्पासाब, ही तंबाखू हाय,” तो म्हणाला. “आतली चाकं झिजल्यात. त्यांचा खडखडाट दाबायला घातल्याली हाय. धुऊन काढा आन् मग फिरवून बघा.”

त्याचे वाक्य आमच्या कानांत ‘तंबाखू’ या शब्दापर्यंतच शिरले. निपाणीचा माणूस त्यापुढे ऐकत नाही. मारुतीरावांनी चिमूट उचलली, तळहातावर मळली, हुंगली आणि माल गेल्या सालचा असल्याचे जाहीर केले. अप्पासाहेबांना त्यात दोन सालांची भेसळ वाटली. दीड तास कडाक्याचा वाद झाला. इतकी कसून तपासणी त्या वखारीत क्वचितच झाली असेल.

भरमाच्या सूचनेचा विचार झाला नाही असे नाही. पण समितीचे काम वस्तूची आहे ती स्थिती तपासण्याचे. भुकटी धुतली की स्थिती बदलते, मग तपासायचे काय? हा बिनतोड मुद्दा माझाच. अहवालही मीच लिहिला: ‘वस्तू निःशब्द आहे. भरती पुरेशी, वास उत्तम, काडीकचरा नाही. घाटास योग्य.’ तिघांनी सह्या केल्या.

गाडी नेणार नाही, असे भरमाने सांगितले. तुझ्याकडे काही लेखी आहे काय, असे त्याला विचारण्यात आले. लेखी नव्हते. उद्यापासून येऊ नकोस म्हटल्यावर मात्र तो मुकाट्याने कबूल झाला.

पहिल्या फेरीला मारुतीराव आणि मी मानाने पुढच्या बाकावर बसलो. ऐनवेळी अप्पासाहेबांच्या पोटात दुखू लागले. घाटाच्या दुसऱ्या वळणावर खालून कडाड आवाज आला आणि मोटार ब्रेकला न जुमानता मागे घसरू लागली. एका अंगाला दरी होती. भरमाने जिवाच्या आकांताने स्टिअरिंगचे चाक फिरवून मोटार डोंगराला टेकवली. बावीस माणसे वाचली. एकाने उतरताच भरमाला शिव्या घातल्या, कारण त्याची तुपाची बरणी फुटली होती.

निरोप गेला आणि तासाभरात अप्पासाहेब दुसरी मोटार घेऊन आले. पोटदुखी थांबली होती. सोबत प्रवाशांची जबानी लिहून तयार होती: प्रमाणित गिअरबॉक्स आपण होऊन मोडत नाही, त्याअर्थी तो चालकाने मोडला.

भरमा माझ्यापाशी आला. “मास्तर, तुमी म्होरंच बसलावता. झालं त्येवढंच सांगा. न्हायतर माझं लायसन जातंय.”

मला लाज वाटली, हे कबूल करतो. पण स्वतःच्या सहीविरुद्ध साक्ष देणे मला जमण्यासारखे नव्हते. मी पहिली सही केली. बाकीच्यांना सही झाल्यावर मोटार सुटेल असे कळले, तेव्हा त्यांनी न वाचताच भराभर सह्या केल्या. भरमाचे लायसन गेले.

आम्ही सगळे दुसऱ्या मोटारीत चढलो. तिचा ड्रायव्हर म्हणाला, गिअर जड लागतोय, दहा मिनिटं थांबा, झाकण काढून बघतो.

“बघत काय बसतोस? सोड गाडी, बाजार मोडंल,” मागच्या बाकावरून कोणीतरी खेकसले.

मी मान वळवून पाहिले. वाचकहो, तुम्हीच होता.