परुळेकर काकांची वाढती जमीन

आमच्या परुळेकर काकांची जमीन दर वर्षी वाढते. भाव वाढतो असं म्हणत नाही मी. तो मीरा-भाईंदरमध्ये सगळ्यांच्याच जमिनीचा वाढतो. काकांची जमीन लांबी-रुंदीला वाढते. नऊ वर्षांपूर्वी घेतली तेव्हा ती चारी बांधांवरून दोनशे एक्केचाळीस पावलं भरली होती. दुसऱ्या वर्षी दोनशे पंचेचाळीस. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मोजली तेव्हा दोनशे ब्याऐंशी.

"सातबारा काय बोलतो ते बोलू दे," काका म्हणतात. "माझं पाऊल अडीच फुटांचं. तीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये चालून चालून माल मोजलाय. मोजमापात मला शिकवू नको."

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. एकटेच. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणतात, "वय होतं तेव्हा जागा नव्हती. जागा झाली तोवर वय गेलं." रिटायर झाल्यावर हातात आलेले पैसे त्यांनी राई गावात वीस गुंठे शेतजमिनीत घातले. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. ते काका होतेच. कोकणातल्या गावच्या सातबाऱ्यावर एकवीस नावांत त्यांचंही एक आहे. हातात विळा मात्र त्यांनी एकदाच धरलाय, फोटोसाठी, तोही उलटा.

ती जमीन कसते यमुनाबाई. काकांनी घेण्याआधीपासून तीच कसत होती, त्यामुळे जमिनीबरोबर एक विहीर, एक चिंच आणि यमुनाबाई असं सगळं काकांकडे आलं. पावसात भात, मग मुळा, वांगी, पालक. भाजी भाईंदरच्या बाजारात ती स्वतः बसून विकते. कागदावरचे शेतकरी काका आणि चिखलातली शेतकरी ती.

या प्रकरणात माझा दोष एवढाच, की माझ्याकडे प्रिंटर आहे. दसरा झाला, भात कापलं गेलं, की काका जमीन मोजून येतात आणि माझ्याकडून नोटीस टाईप करून घेतात. 'विषय : क्षेत्रफळ वाढल्यामुळे शेतीचा वार्षिक खंड वाढवणेबाबत.' वर जावक क्रमांक. तो दर वर्षी एकच असतो, कारण काका वर्षभरात दुसरं पत्र लिहीत नाहीत. मग रिक्षा करून ती नोटीस ते स्वतःच्या हाताने द्यायला जातात. साक्षीदार म्हणून मला नेतात.

त्यानंतर चिंचेखाली जे भांडण लागतं, ते तीन रविवार चालतं.

"जमीन वारली त वारली, शेट," यमुनाबाई म्हणते. तिच्या बोलीत 'वाढली'ची 'वारली' होते. "पन पानी वारलं का? हिर मार्चमदी कोरडी परतं."

"विहिरीचा मुद्दा गेल्या वर्षी झाला."

"यंदापन हिर तीच हाय."

मग चिंचेची सावली, बियाण्याचा भाव, मुळ्यावरची कीड, सगळे मुद्दे निघतात. भांडता भांडता ती तांदळाची भाकरी आणि सुका जवळा पुढे सरकवते. काका जेवतात, हात धुतात आणि पुढच्या मुद्द्याला लागतात. तिसऱ्या रविवारी खंड गेल्या वर्षीइतकाच ठरतो, वर एक टोपली भाजी. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. यमुनाबाई सगळ्यावर वाद घालायची, पण जमीन वाढली यावर कधीच नाही.

तिचं मागणं एकच होतं. तोंडलीचा मांडव घालायचा, तर वेल वर्षानुवर्षं राहायला हवा, म्हणून पाच वर्षांचा कागद करा. काका दर वर्षी अकरा महिन्यांचाच करायचे. "कूळ लागेल," ते मला बजावायचे. "कसणाऱ्याला जास्त दिवस दिली, की जमीन त्याच्या नावावर गेलीच समज." हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसलाय, की बँकेच्या लिफ्टमध्ये कोणी जरा जास्त वेळ दार धरून उभं राहिलं तरी पुटपुटतात, "कूळ लागेल."

गेल्या वर्षी तिसऱ्या रविवारच्या आधीच एक टर्फवाला आला. शेतावर हिरवी प्लॅस्टिकची चटई घालून, जाळी लावून, तासावर क्रिकेट खेळायला देणारा. यमुनाबाईच्या पाचपट भाडं देतो म्हणाला.

"आणि यमुनाबाईचं काय?" मी विचारलं.

"व्यवहार आहे," काका म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

रविवारी टर्फवाला पांढरे बूट सांभाळत बांधावर उभा राहिला. यमुनाबाई विहिरीपाशी मुळ्याच्या जुड्या बांधत होती. तिला सगळं कळलं होतं. गावातल्या बाकीच्या जमिनी कधीच विकल्या गेल्यात. ही सुटली, की तिला कसायला दुसरी कोणी देणार नव्हतं. टर्फवाल्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं, लाल ठिपका इकडून तिकडे पाडला आणि म्हणाला, "बीस गुंठा. एकदम पेपर के बराबर."

"मशीन चुकतंय," काका म्हणाले. "मोजमापात मला शिकवू नका. पहले दो सौ इकतालीस कदम था, अभी दो सौ बयासी है."

आणि ते चालून दाखवायला लागले. टर्फवाला बघत राहिला. मग हसला. वाईट मनाने नव्हे, सहज हसला.

"अंकल, जमीन नहीं बढ़ी. आपका कदम छोटा हो गया."

काका थांबले. आपल्या चपलांकडे बघत राहिले. गेली दोन वर्षं ते कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना चढतात, हे मी रोज बघत होतो. तरी माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

यमुनाबाई हातातली जुडी टाकून उठली.

"ओ दादा, तुमाला काय म्हाईत? खारीची जमीन हाय. गाळ येतं, बांध सरकतं. शेट बरोबर बोलतान. वारलीय जमीन." मग काकांकडे वळून म्हणाली, "वारल्याचा खंड मी देतं. लिवा यंदा."

आठ वर्षांत जिने एक रुपया वाढवू दिला नव्हता, ती हे म्हणाली आणि परत मुळ्यांपाशी जाऊन बसली. मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी काका खाली आले आणि प्रिंटरशेजारी बसले.

"टर्फवाल्याला नाही म्हणून कळवलंय. टाईप कर. पाच वर्षं. खंड जुनाच."

"काका, कूळ लागेल ना?"

"लागू दे." ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायला लागले. "पाच वर्षांचा कागद आधीच केला असता, तर मधली चार वर्षं मी कुठल्या तोंडाने गेलो असतो तिकडे? नोटीस द्यायची म्हणून जायचो. तीन रविवार जायचे. इथे माझ्याशी भांडतं कोण?"

दहा वर्षं मी त्यांच्या खाली राहतोय, पण नोटिशीशिवाय त्यांना कधी चहालाही बोलावलं नव्हतं. लाज वाटली. त्या दिवशी त्यांना जेवायलाच थांबवलं. जेवताना त्यांनी माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीवरूनही वाद घातला, तेव्हा बरं वाटलं.

कागदात त्यांनी एकच अट घातली : 'जमिनीची मोजणी दर वर्षी मालक व कसणार यांनी मिळून करावी.' यमुनाबाईने ती दोनदा वाचून घेतली आणि सही केली.

परवा ही पहिली मोजणी झाली. तोंडलीचा मांडव उभा राहिलाय, वेल अर्ध्यावर चढलाय. बांध निसरडा आहे म्हणत यमुनाबाईने काकांचा कोपर धरला. वास्तविक आठवडाभर पाऊस नव्हता. ती त्यांच्या पावलाएवढंच पाऊल टाकत होती आणि मोठ्याने मोजत होती. मी मागून वही घेऊन चाललो होतो.

दोनशे एक्क्याण्णव भरली. काकांनी वळून माझ्याकडे बघितलं. "लिहून घे," म्हणाले.

"फुरच्या वर्साच्या दसऱ्याला तीनशे भरतील, शेट," यमुनाबाई म्हणाली, आणि भाकरीचं फडकं सोडायला चिंचेखाली गेली.